सहलीला न नेलेलं बहुमत

सध्या माझी एक पंचाईत झालीय. मी हळदीला, सोसायटीच्या फंक्शनला, क्वचित कुणाच्या बारशाला मिमिक्री करतो. कार्यक्रमाचा शेवट मुख्यमंत्र्यांच्या आवाजाने करायचा ही माझी जुनी रीत. मुख्यमंत्री नवऱ्यामुलाला आशीर्वाद देतात, डीजेवाल्याला आवाज कमी करायला सांगतात, लोक हसतात, मी जेवायला बसतो. पण यंदा दिवाळी उलटून गेली, कंदील अवकाळी पावसात भिजून त्यांचा लगदा झाला, तुळशीची लग्नं लागली, तरी राज्याला मुख्यमंत्रीच नाही. परवा करंजाड्याच्या एका हळदीत नवरदेवाचा मामा म्हणाला, "आता मुख्यमंत्र्यांचा काढ."

मी म्हटलं, "कुठल्या?"

"जो होईल त्याचा."

मी तिघांचा थोडा थोडा काढला. एक वाक्य एकाचं, त्याचं क्रियापद दुसऱ्याचं, आणि मधलं खोकणं तिसऱ्याचं. लोकांना आवडलं. जाताना मामा म्हणाला, "असंच सरकार येणार बघ."

घरी आलो की टीव्ही. प्रत्येक चॅनलवर एक आकडा, त्याच्याभोवती लाल गोल. कुणाकडे किती, कुणाला किती कमी. मग ती बस दाखवतात. खिडक्यांना पडदे, पुढेमागे गाड्या, आत आमदार. बस रिसॉर्टच्या गेटमधून आत जाते, गेट बंद होतं, आणि मग सगळे पत्रकार बराच वेळ त्या गेटचीच मुलाखत घेतात. आमची आई ते बघत भाजी निवडते आणि म्हणते, "बाकी काय नाय, पन यांना जेवान चांगला असंल." आणि मला, टीव्हीवर बस दिसली रे दिसली की, नाकात भाताच्या पेंढ्याचा वास येतो.

कारण अशा एका सहलीला मी स्वतः जाऊन आलोय. जेवण खरंच चांगलं असतं.

गाव आमचं पनवेलच्या खाडीला टेकून. आता ते महापालिकेत गेलं, शेतावर टॉवर आले. पण तेव्हा स्वतःची ग्रामपंचायत होती, नऊ मेंबरांची. सरपंच तेव्हा मेंबर मिळून निवडायचे. त्या वर्षी निवडणूक पडली ती नेमकी भातकापणीत. सकाळी बांधावर दव, दुपारी ऊन असं की प्रचाराच्या रिक्षाच्या टपावरचा भोंगा हाताला चटका देई. कापलेल्या भाताचा गोडसर वास, खाडीच्या चिखलाचा खारट वास, आणि वारा फिरला की तळोज्याच्या कंपन्यांकडून येणारा तिसरा एक, ज्याला नाव नव्हतं. आमचे बाबा त्याला "विकास सुटला" म्हणायचे.

गावात दोन पॅनल. एक दामूशेठचं, एक पांडूशेठचं. हे दोघे साडू. सख्ख्या बहिणी केलेल्या, थोरली शेवंताबाय दामूशेठला, धाकटी हिराबाय पांडूशेठला. दामूशेठच्या पॅनलचं नाव "गाव विकास" आणि पांडूशेठच्या पॅनलचं "विकास गाव". जाहीरनामा दोघांनी पनवेलच्या एकाच प्रेसमध्ये छापला आणि मला अजून वाटतं, एकच छापला. दोघांच्या जमिनी प्रकल्पात गेलेल्या, दोघांच्या गळ्यात चेन, दोघांची गाडी पांढरी. दामूशेठ बोलायला लागले की डंपर रिव्हर्स घेतोय असं वाटायचं. पांडूशेठ उलट, बोलताना कायम रडण्याच्या एक पायरी अलीकडे. "बंधू-भगिनींनो" एवढं म्हटलं तरी समोरच्या म्हाताऱ्या पदर शोधायच्या.

आणि या दोघांच्या मधोमध उभी राहिली आमच्याच घरात राहणारी माझी चांगुणाकाकी. अपक्ष. निशाणी शिटी.

काकीला राजकारण नको होतं, दिवे हवे होते. गावातून खाडीपर्यंत बांधावरून एक वाट जाते. ओहोटी लागली की गावातल्या बाया त्या वाटेने चिंबोऱ्या, कोलंबी, निवट्या धरायला उतरायच्या. ओहोटी काय घड्याळ बघून येत नाही. कधी पहाटेच्या काळोखात, कधी दिवेलागण उलटून गेल्यावर. एका बाजूला पाणी, एका बाजूला चिखल, मधून हातभर रुंद वाट, आणि उजेड शून्य. म्हणून बाया एकमेकींना हाका मारत चालायच्या. प्रत्येकीची हाक वेगळी. शेवंताबायची लांब, शेवटाला वर चढणारी. हिराबायची तुटक, उचकी लागल्यासारखी. काकीची जाडसर, दमदार. मी लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या त्या हाका ऐकायचो आणि कोण कुठवर पोचली ते सांगायचो. मिमिक्री मी कुठल्या क्लासात शिकलो नाही. काळोखात माणूस फक्त आवाज असतो, तेवढं मला त्या वाटेने शिकवलं.

त्या पावसाळ्यात हिराबायला वाटेत साप चावला. कळंबोलीच्या दवाखान्यात नेली, वाचली. पांडूशेठने काय केलं, तर बायकोला बॅटरी आणून दिली. एक. तीपण आठवड्यात बंद पडली. तेव्हा काकी म्हणाली, "आता मीच उबी रातंय." काका जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, विचारायचं कुणाला नव्हतं. तिने मलाही विचारलं नाही, फक्त सांगितलं, "रिक्षातून तू बोल."

आता अडचण अशी, की गावात माइकवर बोलणारा मी एकटाच. दामूशेठने मला आधीच बुक केलेलं आणि पांडूशेठनेपण. मग आम्ही सोय काढली. सकाळी त्याच रिक्षातून डंपरच्या आवाजात "गाव विकास". दुपारी रडवेल्या आवाजात "विकास गाव". संध्याकाळी बॅनर काढून काकीचा लावायचा आणि काकीच्या आवाजात, "निवडून दिलात तर दिवे लावीन, नाय दिलात तरी मी याच वाटंनं येनार हाय." पूर्ण निवडणूक माझ्या एका घशात. मतदानाच्या आदल्या दिवशी घसा बसला, तर दोन्ही शेठ माझ्यासाठी मध-हळद घेऊन आले आणि दारात एकमेकांना भेटले.

निकाल लागला. दामूशेठ चार. पांडूशेठ चार. काकी एक.

पहिल्यांदा सगळे गुलाल घेऊन निघाले. दोन्ही मिरवणुका देवळासमोर आमनेसामने आल्या, आणि तिथे कुणीतरी बेरीज केली. बँजो एकदम बंद पडला. एवढी शांतता मी त्या गावात परीक्षेलासुद्धा ऐकलेली नाही.

मग आमच्या घरचा हंगाम सुरू झाला. बर्फी, पेढे, सुकामेवा, अख्खी सुरमई, साड्या. साड्या काकी परत पाठवायची, सुरमई ठेवायची. "मासा परत धाडला तर वास येतो," म्हणायची. अर्धं गाव आमचं नातेवाईक निघालं. दामूशेठ काकीला "वयनी" म्हणायला लागले, पांडूशेठ "ताय". दोघांचं म्हणणं एकच, की सरपंचपद बाईला राखीव आहे, तेव्हा खुर्चीवर आमची बायको बसणार, तुम्ही फक्त हात वर करा.

काकी विचारायची, "न् दिवं?"

"लगेच. सरपंच झाली की दुसऱ्या दिवशी."

ते गेले की काकी मला म्हणायची, "बघ रं. हात वर करीपरत मी वयनी. हात खाली आला का कोन चांगुणा, कोनची चांगुणा." एवढ्या वर्षांनी टीव्हीवर तास तास चर्चा ऐकतो, मोठमोठे लोक घटना सांगतात, पण अपक्षाची किंमत नेमकी कधीपासून कधीपर्यंत असते, हे काकीइतकं नीट कुणी सांगितलेलं ऐकलं नाही. तिच्याकडे एकच हात होता आणि तो फक्त एकदाच वर होणार होता.

निवडीची सभा जवळ आली तशी पळवापळवीची भीती सुरू झाली. कोण कुणाचा मेंबर फोडतोय, कोण कुणाच्या पडवीत चहा प्यायला. शेवटी दोन्ही शेठनी तेच केलं जे आज टीव्हीवर दाखवतात. मेंबर उचलायचे आणि लांब नेऊन ठेवायचे. दामूशेठ कर्जतकडच्या एका फार्महाउसवर, पांडूशेठ अलिबागच्या बाजूला.

आता नीट ऐका. नऊ मेंबरांत पाच बाया होत्या. काकी, शेवंताबाय, हिराबाय आणि आणखी दोघी, एकेका पॅनलची एकेक. गाड्या आल्या, माणसं भरली. पुरुष मेंबर बसले. आणि बाया मेंबरांच्या ऐवजी त्यांचे नवरे बसले.

यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे तोपर्यंत असंच होतं. मेंबर बाई असली तरी "मेंबर" म्हणून हाक मारली की नवरा ओ द्यायचा. मिटिंगला नवरा, सहीला बायको. मी गाडीशी उभा होतो, कुणीतरी चाचरत विचारलंही, "बायांना नाय न्यायचं?" तर दामूशेठ म्हणाले, "त्यांना नेऊन काय करायचं? घरी ढोरं हायत, भात झोडायचाय. कोन बगंल?"

काकीचं मात्र त्यांना कोडं पडलं. तिला नवरा नाही. मग उचलायचं कुणाला? दोन्हीकडे एकदमच उत्तर सुचलं असणार, कारण मी चहा प्यायला टपरीवर गेलो तर एका बाजूने दामूशेठची गाडी आली आणि दुसऱ्या बाजूने पांडूशेठची. दामूशेठची आधी पोचली. "बस पप्याशेठ," ते म्हणाले. तोवर मी नुसता पप्या होतो.

फार्महाउसवर स्विमिंग पूल होता. पोहायला खाडीत शिकलेली माणसं त्या निळ्या पाण्यात गुडघ्याएवढी उतरून गप्प उभी राहायची, चिंबोरी लागतेय का बघितल्यासारखी. सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत. टोपली दामूशेठच्या उशाला. सकाळी कोंबडी, दुपारी मटण, मध्ये नाश्ता. मला सोफा, एसीची खोली, आणि दर तासाला, "पप्याशेठ, काकीचं मन काय बोलतंय?" मी काकीच्या आवाजात म्हणायचो, "इचार करतंय." सगळ्यांना बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी कंटाळा आला तेव्हा म्हणाले, मिमिक्री कर. मी पांडूशेठ केला, लोळून हसले. तहसीलचे साहेब केले, हसले. मग एकाने सांगितलं, "दामूशेठची बायको कर." मी जरा घाबरत शेवंताबायची ती लांब हाक काढली, शेवटाला वर चढणारी, आणि पुढे तिच्याच सुरात, "हिरेऽऽ, पाय जपून टाक गो, इकडं पानी हाय." कोणी हसलं नाही. दामूशेठनी विचारलं, "ही अशी कवा वरडते?"

मी म्हटलं, "रोज. ओहोटीला."

"मी तर कदी ऐकला नाय."

"तुम्ही झोपलेले असता, शेठ."

त्यावर त्यांनी मला आणखी एक तंगडी वाढली आणि विषय बदलला.

त्याच संध्याकाळी काकीचा फोन आला, दामूशेठच्या मोबाईलवर. त्यांनी स्पीकर लावला. सगळे भोवती जमले.

"पोऱ्या जेवतो ना नीट?" काकीने विचारलं.

"जेवतो, जेवतो. वयनी, तुमचं काय ठरलं?"

"ठरंल. तुमाला घाई काय? आराम करा चार दिस. हवा चांगली हाय ना तिकडं?"

मागे कुणीतरी हसलं. दामूशेठचे कान टवकारले. "कोन हसतंय?"

"टीवी चाललाय," काकी म्हणाली.

टीव्ही नव्हता तो. एक हसणं लांब, शेवटाला चढणारं. दुसरं तुटक, उचकीसारखं. निवडणूक लागल्यापासून दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघायचं नाही असा दोन्ही घरांतून हुकूम होता, आणि त्या आमच्या पडवीत बसून हसत होत्या. आणखी दोघींचेही आवाज होते. गावात नवरे नाहीत, शेठ नाहीत, दारात गाडी नाही, बायांनी भात झोडलं, ढोरं बघितली, ओहोटीला खाडीत उतरल्या आणि येताना आमच्याकडे चहाला थांबल्या. पाच जणी. नऊपैकी पाच. स्पष्ट बहुमत गावातच बसलं होतं, फक्त त्याला सहलीला कुणी नेलं नव्हतं.

मला ते तिथे, फार्महाउसच्या सोफ्यावर, कळलं. दामूशेठनी विचारलं, "काय रं, काकी खूश वाटली का?" मी म्हटलं, "फार." तोंडात घास होता.

सभेच्या सकाळी दोन्ही गाड्या शाळेपाशी येऊन थांबल्या. नवरे उतरले, कडक इस्त्रीचे, विश्रांती घेऊन गोरे झालेले, आणि सवयीने वर्गात शिरायला लागले. तहसीलचे साहेब दारात उभे. "फक्त निवडून आलेले सदस्य," ते म्हणाले. दामूशेठ हसून म्हणाले, "साहेब, आमीच." साहेबांनी कागद बघितला आणि पायरीवर उभ्या असलेल्या बायांना आत बोलावलं. त्या पदर खोचून आत गेल्या. सगळे नवरे खिडकीला. मीपण.

तीन अर्ज होते. साहेबांनी पहिलं नाव घेतलं, शेवंताबाई. बाजूने असतील त्यांनी हात वर करा. गाव विकासवाल्या दोन पुरुषांचे हात वर गेले. शेवंताबायचे दोन्ही हात मांडीवर. स्वतःचं नाव, आणि हात मांडीवर. दामूशेठ खिडकीतून स्वतःचा हात वर करून दाखवायला लागले, असा, असा. साहेब शांतपणे म्हणाले, "खिडकीतले हात मोजले जाणार नाहीत."

मग हिराबाई. पुन्हा दोन. हिराबाय छताकडे बघत होती.

मग चांगुणाबाई. पाच हात वर गेले. बांगड्यांचा आवाज झाला, आणि खाली यायची त्या हातांना अजिबात घाई नव्हती.

पांडूशेठ या वेळेला खरोखर रडले. मी इतकी वर्षं त्यांचा आवाज काढतोय, पण ते रडणं मला जमलं नाही, त्यात काहीच नाटक नव्हतं. बाहेर आल्यावर दामूशेठनी बायकोला एवढंच विचारलं, "का गो?" शेवंताबाय म्हणाली, "मी बसले असते तर तुमी बसले असते. तिच्या मागं बसाय कोनी नाय." मग जरा थांबून, "ढोरांना पानी दावायचाय," आणि गेली.

कोनी नाय कसं? मी होतो की. पप्याशेठ. दुसऱ्या दिवशी मी शर्ट इन करून, डोक्याला तेल लावून ग्रामपंचायतीत गेलो आणि सरपंचाच्या शेजारची खुर्ची ओढली. काकी कागदावर सही करत होती, एकेक अक्षर दाबून. मान वर न करता म्हणाली, "तू कुठं?"

"काकी, मदतीला."

"भायेर बस."

बाहेरच्या बाकावर दोन्ही साडू आधीच बसले होते, दोन टोकांना. मधली जागा रिकामी होती. मी तिथे बसलो. दामूशेठनी माझ्याकडे बघितलं, पांडूशेठनी बघितलं, आणि पहिल्यांदाच दोघे एका गोष्टीवर एकमेकांकडे बघून हसले.

सुरमई त्या दिवसापासून बंद झाली. आता काकीच दारोदार जायची. सरपंच ती, पण पुरुष मेंबर मिटिंगला यायचे नाहीत, ठराव अडायचे. काकी संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसायची, काही न बोलता, त्यांच्या बायकांना कोलंबी सोलायला मदत करत, नवऱ्याला नकोसं होऊन तो "बरं, सही करतो" म्हणेपर्यंत. सरकार स्थापन करणं एक, चालवणं वेगळं, हे टीव्हीवाले सांगत नाहीत. शपथ झाली की त्यांचा कॅमेरा घरी जातो.

दिवे यायला पावसाळा उजाडला. खांब कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आले, टेम्पोतून, ओले. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा लागले तेव्हा सगळा बांध पिवळा झाला, बाजूचं पाणीपण. रात्री बाया ओहोटीला निघाल्या. मी अंथरुणातून उठून दारात आलो आणि कान दिले. कुणीच हाक मारत नव्हतं. गरज नव्हती, दिसत होत्या की एकमेकींना, रांगेने, टोपल्या घेऊन, चालता चालता गप्पा मारत. मला उगीच जरा चुकल्यासारखं झालं. मग हिराबाय वाटेत थांबून, पायाखाली नीट बघून, पुढे गेली. ते बघितलं आणि माझं ते चुकल्यासारखं वाटणं मी आत घेऊन गेलो.

सकाळी पहिल्या खांबावर बॅनर. "खाडी मार्गावरील दिव्यांचे स्वप्न साकार. प्रयत्न: दामूशेठ." चेहरा टोपलीएवढा, चष्मा, फोनवर बोलताना. दुपारपर्यंत दुसऱ्या खांबावर पांडूशेठचा, हात जोडलेला, तेवढाच मोठा, "आमच्याच पाठपुराव्याला यश". काकीचं नाव कुठेच नाही, बाकीच्या चौघींचंही नाही. मी चिडलो. म्हटलं, काकी, आपणपण लावू एक, पाचही जणींचे फोटो टाकू, मी पनवेलला जाऊन छापून आणतो.

काकी बॅनरखाली उभी राहून बोटांनी कापडाचा जाडपणा बघत होती. "चांगला हाय रं," म्हणाली. "फाटत नाय. दोनी काढून आन."

पाऊस ओसरल्यावर तिने दोन्ही बॅनर अंगणात पसरले, चेहरे वर. वर सुकवायला जवळ्याची, त्या बारीक कोलंबीची, टोपली ओतायला मला सांगितलं. मी दामूशेठवर भसाभसा ओतायला लागलो तशी ती आतून ओरडली, "दोगांना सारका घाल. एकावर जास्त झाला तर परत भांडतील."

मी हाताने सारखा पसरला, कडेपर्यंत. दुपारच्या उन्हात दोघे साडू शेजारी शेजारी, हसत, जवळा वाळवत पडले होते.